मी तर बाजूच्या इमारतीत होते

फॉर्मवर वीस प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे शून्य ते चार असे आकडे. गेल्या महिनाभरात नको त्या आठवणी किती आल्या, झोप किती मोडली, किती वेळा दचकलात, सतत सावध राहावंसं किती वाटलं. त्यावर गोल करायला फार वेळ लागला नाही. घोडं अडलं ते सगळ्यात वरच्या ओळीपाशी. ‘ज्या प्रसंगाचा सर्वाधिक त्रास होतो तो थोडक्यात लिहा.’ मी लिहिलं, ‘१६ एप्रिल २००७, व्हर्जिनिया टेक विद्यापीठ, गोळीबार.’ मग ते खोडलं. पुन्हा लिहिलं आणि पुढे कंस करून त्यात टाकलं, ‘मी त्या इमारतीत नव्हते.’

रामदासपेठेतल्या त्या क्लिनिकमधल्या मॅडमनी (नाव देत नाही, नागपूर तसं छोटंच आहे) खोडाखोड वाचली आणि विचारलं, “मग कुठे होतात?”

इतक्या वर्षांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी बाजूच्या इमारतीत होते म्हटलं की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडायचा आणि विषय संपायचा. “सुटलीस गं बाई.” मीही तेच म्हणायचे.

मॅडमपर्यंत पोचायला निमित्त झालं लेकीच्या शाळेतलं मॉकड्रिल. भूकंपाचं होतं, अगदी साधं. चौथीतली पोरगी, जेवताना रंगात येऊन सांगत होती, “लाइट बंद केले, मग आम्ही सगळे बाकाखाली, आणि कोणी आवाजच करायचा नाही! ज्याने केला तो आउट!” मी वरणभात कालवून दिला, ओटा पुसला, झोपले. दुसऱ्या दिवशी तिला शाळेत सोडलं आणि फाटकासमोरून माझी गाडी हलेना. अर्धा तास, मग एक तास. ऑफिसला फोन करून बरं नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शाळेच्या वॉचमनने येऊन विचारलं, “मॅडम, काही तक्रार आहे का?” त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, “आता कोणाला तरी दाखवू या.” त्याने ‘कोणाला तरी’ म्हटलं, ‘मानसोपचारतज्ज्ञाला’ म्हटलं नाही, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

ज्या गावात पत्ता सांगताना ‘पागलखाना चौकातून डावीकडे’ असं सहज म्हणतात त्या गावात आम्ही वाढलो. मनोरुग्णालय १८६४ पासूनचं आहे, त्यामुळे चौकाला नाव पडणारच. लहानपणी भावाशी भांडले की तो म्हणायचा, “तुला चौकात उतरवून देतो.” अशा गंमतीची पुढे भिंत होते, हे तेव्हा कळत नाही. मॅडमपर्यंत पोचायच्या आधीची कितीतरी वर्षं मी छातीत धडधडतं म्हणून वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेले होते. ईसीजी झाला, थायरॉइड झालं, रिकाम्या पोटी घ्यायच्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या. एकाने तर “आयटीवाल्यांना होतंच असं” म्हणून बोळवण केली. खरं तर मी अमेरिकेचं कधी सांगितलंच नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

तर तो दिवस. सोमवार होता. एप्रिल असून गारठा, सोसाट्याचा वारा, मधूनच बर्फाची भुरभुर. सकाळी सातनंतर एका वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. ९ वाजून २६ मिनिटांनी विद्यापीठाचा ईमेल आला तेव्हा मी नॉरिस हॉलपासून जवळच असलेल्या एका इमारतीतल्या लॅबमध्ये बसून मास्टर्सच्या प्रोजेक्टचा कोड नीट करत होते. ९.४० च्या सुमारास बाहेरून ठोकल्यासारखे आवाज यायला लागले. शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, बांधकाम चाललंय. आम्हाला ते पटलं. कॅम्पसवर काही ना काही बांधकाम असायचंच. दहा-अकरा मिनिटांनी आवाज थांबले. नॉरिसमध्ये ३० जण गेले होते, सकाळचे दोघं धरून ३२. मारेकऱ्याने शेवटी स्वतःलाही संपवलं. त्याचं नाव मी कधीच घेत नाही, इथेही घेणार नाही. गेलेल्यांत जलविज्ञान शिकवणारे, तमिळनाडूतून आलेले प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते आणि मुंबईची एक विद्यार्थिनीही.

पण हे सगळं नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की बाहेर पोलीस ओरडताहेत, खिडकीपासून लांब व्हा. आम्ही दिवे घालवले, टेबल दाराला लावलं आणि भिंतीशी बसलो. माझी रूममेट हैदराबादची. ती इंजिनिअरिंग मेकॅनिक्सची, तिचं बसायचं टेबल नॉरिसमध्ये. मी तिला फोन लावत होते. नेटवर्क जॅम. लागला तर नुसती रिंग, मग रेकॉर्ड केलेला तिचाच आवाज, निरोप ठेवा म्हणणारा. ती सापडली दुपार उलटल्यावर. आदल्या रात्री मैत्रिणीकडे अभ्यासाला राहिली होती, सकाळी उठलीच नव्हती, आणि फोन बॅगेत पडलेला.

हे मी वर्षानुवर्षं असंच सांगत आले. चार वाक्यांत, शेवट गोड. त्या उन्हाळ्यात विद्यापीठातल्या मुलांची पाहणी झाली होती. साडेचार हजारांहून अधिक मुलांनी उत्तरं दिली आणि त्यातल्या १५.४ टक्क्यांमध्ये आघातानंतरच्या ताणाची ठळक लक्षणं निघाली. २०११ मध्ये तो अभ्यास छापून आला. त्यातली एक गोष्ट मी थेरपी सुरू झाल्यावर वाचली आणि बराच वेळ तिथेच थांबले. सगळी मुलं मिळून पाहिली, तर या त्रासात सर्वांत मोठा वाटा होता तो ‘आपली माणसं सुखरूप आहेत की नाहीत हे कळत नव्हतं’ याचा. गोळी लागलेले थोडे असतात आणि फोन लावत बसलेले हजारोंनी, असा तो हिशेब.

२०१० मध्ये मी परत आले. मिहानमध्ये नोकरी, प्रतापनगरला घर, लग्न, मुलगी. बाहेरून पाहिलं तर सगळं छान. फक्त हॉटेलात मला दार दिसेल अशीच खुर्ची लागायची. मीटिंग रूमला आतून कडी आहे की नाही हे मी बसायच्या आधी बघून घ्यायचे. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक प्राथमिक शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, तेव्हा दोन रात्री मी टीव्हीसमोरून उठले नाही. २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला, १७ जण गेले. त्याहून मला हादरवलं ते मार्च २०१९ ने. आठवड्याभराच्या अंतरात पार्कलंडच्या शाळेत शिकलेल्या दोन तरुण मुलांनी आणि सँडी हूकमध्ये मुलगी गमावलेल्या एका बापाने स्वतःचं जीवन संपवलं. तो बाप मेंदूशास्त्रज्ञ होता. लेकीच्या नावाने संस्था काढून हिंसेची मेंदूतली मुळं शोधत होता. ज्याला या सगळ्यातलं सर्वांत जास्त कळत होतं त्याचीही ही गत. त्या रात्री मी पहिल्यांदा मोबाइलवर ‘नागपूर सायकॉलॉजिस्ट’ असं टाइप केलं, नावं पाहिली आणि खिडकी बंद केली. मनात तेच. आपण कुठे त्या इमारतीत होतो?

मॅडमनी या वाक्याला फार मान दिला नाही. त्यांनी वीस प्रश्नांच्या उत्तरांची बेरीज करून दाखवली. एकूण ८० पैकी ३१ ते ३३ च्या पुढे गेलं की पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, असावा असं धरून पुढची तपासणी करतात. मी त्याच्या बरीच वर होते. मग सविस्तर मुलाखत झाली, मानसोपचारतज्ज्ञांनी पाहिलं, सर्ट्रालिन ही नैराश्य-चिंतेवरची गोळी सुरू झाली. पहिले पंधरा दिवस मळमळ आणि विचित्र स्वप्नं, पुढे ते ओसरलं. गोळीबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की तिने दुखणं गेलं नाही, पण दुखण्याकडे पाहण्याइतकी झोप मिळायला लागली.

उपचाराचं नाव प्रोलॉंग्ड एक्स्पोजर. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एडना फोआ यांनी घडवलेली पद्धत, साधारण ८ ते १५ बैठका, एकेक दीड तासापर्यंतची. तत्त्व ऐकायला सोपं आहे. ज्या गोष्टी आपण टाळतो त्या टाळल्यामुळेच धोकादायक वाटत राहतात, म्हणून त्यांच्यापाशी जायचं आणि भीती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. दोन भाग असतात. एकात खऱ्या जागी जायचं, दुसऱ्यात आठवणीत.

खऱ्या जागांची आम्ही यादी केली आणि प्रत्येकीला शून्य ते शंभर भीतीचे मार्क दिले. धरमपेठेतल्या हॉटेलात दाराकडे पाठ करून बसायचं, त्याला कमी मार्क. सीताबर्डीच्या मेट्रो इंटरचेंज स्टेशनवर ऑफिस सुटायच्या वेळी उभं राहायचं, त्याला जरा जास्त. पालकसभेला वर्गातल्या शेवटच्या बाकावर, दार बंद असताना, हे वरच्या टोकाला. लोकांना वाटतं मला दिवाळीच्या फटाक्यांचा त्रास होत असेल. फटाक्यांचं मला फारसं काही नाही. लक्ष्मीपूजनाला फटाके फुटणार हे कॅलेंडर सांगतं. माझा घात करतो तो सेंट्रिंगच्या फळ्या ठोकण्याचा आवाज. आणि गेली दहा वर्षं नागपुरात ठोकाठोकीशिवाय दिवस उजाडला नाही. मेट्रो, उड्डाणपूल, सिमेंटचे रस्ते, जुने बंगले पाडून उभे राहिलेले फ्लॅट. सकाळी दहाच्या सुमारास कुठेतरी ‘ठक ठक’ सुरू झालं की माझे हात गार पडायचे. हे मी कोणाला सांगणार होते? गावाचा विकास होतोय आणि बाईला घाम फुटतोय.

तर गृहपाठ असा होता की बांधकामासमोर बसायचं. आमच्याच गल्लीच्या टोकाला स्लॅबचं काम निघालं होतं, समोर चहाची टपरी. मी तिथल्या बाकड्यावर बसायचे, मोबाइलवर दर थोड्या वेळाने भीतीचा आकडा टिपायचे आणि आकडा निम्म्यावर येईपर्यंत उठायचं नाही असा नियम. सुरुवातीला हातातला कप थरथरायचा. काही दिवसांनी साइटवरचा सुपरवायझर चहा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला आणि अगदी अदबीने म्हणाला, “मॅडम, नकाशा मंजूर आहे, सगळे कागद आहेत आपल्यापाशी.” मी रोज येते, इमारतीकडे टक लावून पाहते आणि मोबाइलमध्ये काहीतरी लिहिते, म्हणजे मी महानगरपालिकेची! मला इतकं हसू आलं की त्या दिवशीचा आकडा कुठल्या कुठे उतरला. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “हसू चालेल, पण त्याला खरं सांगू नका. सांगितलंत तर तो तुमच्यासाठी ठोकणं बंद करेल.”

दुसरा भाग अवघड. डोळे मिटायचे आणि तो दिवस वर्तमानकाळात सांगायचा. ‘मी लॅबमध्ये बसलेय. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरतोय.’ शेवटपर्यंत जायचं, की पुन्हा पहिल्यापासून. ते रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज ऐकायचं. घरात पोरगी असते म्हणून मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये एसी लावून गाडीत ऐकायचे. पहिले काही आठवडे आधीपेक्षा वाईट गेले हे सांगितलंच पाहिजे, कारण बरेच जण नेमके तिथेच सोडून देतात. स्वप्नं वाढली, चिडचिड वाढली, नवऱ्याने भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं म्हणून मी ताट उचलून ठेवलं. मॅडमनी याची आधीच कल्पना दिली होती, त्यामुळे टिकले. नसती दिली तर माझ्यापुरतं मी सांगते, पळाले असते.

काही बैठकांनंतर मॅडमनी एक गोष्ट हेरली. आवाज, पोलीस, अंधार, दाराला लावलेलं टेबल, हे मी आता तपशिलाने सांगत होते. पण नंतरच्या कित्येक तासांवरून मी एका उडीत जात होते. ‘मग दुपारी तिचा पत्ता लागला.’ त्या म्हणाल्या, “मधलं सांगा.” मधलं म्हणजे काय? मधे काहीच झालं नाही, मी फोन लावत होते. “तेच सांगा.”

ते सांगायला पूर्ण बैठक गेली. प्रत्येक रिंगबरोबर मी तिला मेलेली धरत होते. तिच्या आईला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. तिच्या कपाटातली लोणच्याची बरणी कोणाला द्यायची इथपर्यंत गेले होते. आणि ती सापडली तेव्हा ते सगळं खोटं ठरलं, म्हणून त्याबद्दल बोलायची सोयच उरली नाही. जिचं कोणी गेलंच नाही ती कशाबद्दल रडणार? तिथे एवढी घरं उद्ध्वस्त झालेली असताना मी रांग मोडून पुढे कशी जाऊ? मॅडम म्हणाल्या, दुःखाची रांग नसते, पण शरीराने मात्र ते चार-पाच तास खरे धरले होते. मग कुठे मला माझंच वागणं उलगडायला लागलं. नवऱ्याने दोन रिंगांत फोन उचलला नाही की मी त्याच्या मित्रांना का फोन करते. स्कूलव्हॅनच्या काकांना मी रोज तीन-तीनदा का विचारते. बंद दारापेक्षा, आवाजापेक्षा, मला न उचललेल्या फोनची भीती होती.

यादीत सगळ्यात वर नवी ओळ आली. रविवारी संध्याकाळी दोन तास फोन बंद.

इथे आई येते. आई नागपूरच्या महाल भागात भावाकडे राहते, जुन्या घरात. मी परत आल्यापासून ती मला रोज संध्याकाळी सातच्या सुमारास फोन करते. मी नाही उचलला की नवऱ्याला, त्याने नाही उचलला की आमच्या खालच्या फ्लॅटमधल्या काकूंना. आम्ही याला आईचा स्वभाव म्हणायचो. तर मी तिला आधीच सांगून ठेवलं की या रविवारी सात ते नऊ फोन बंद राहील, डॉक्टरांनी सांगितलंय.

“काहून? फोन बंद करून काय करून राहिली तू?”

“काही नाही. नुसती बसणार.”

“मग बस ना. फोन चालू ठेवून बस.”

त्या रविवारी आठच्या आधीच बेल वाजली. आई दारात, मागे भाऊ, खाली ऑटो उभा. भाऊ माझ्याकडे बघून नुसते हात जोडत होता. आई चप्पल न काढताच आत आली, मला नखशिखांत पाहिलं आणि सोफ्यावर बसून म्हणाली, “पाणी दे.” मग ती बोलली. माझ्यासमोर पहिल्यांदा.

तिकडे ९.४० म्हणजे इकडे संध्याकाळचे ७ वाजून १० मिनिटं. बातमी टीव्हीवर यायला रात्र झाली. बाबा तेव्हा होते. पट्टीवरचा मृतांचा आकडा दर थोड्या वेळाने वाढत होता. बाबा कॉलिंग कार्डाचे नंबर मोठ्याने वाचत होते आणि आई लँडलाइनवर दाबत होती. एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. गल्लीतली माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, अमेरिकेत केवढी माणसं असतात, आपलीच कशाला असेल. आईने त्या माणसाशी पुढे कधी धड बोलणं केलं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. माझा आवाज तिला ऐकू आला तेव्हा रात्रीचा दीड वाजत आला होता. “तू म्हणाली, आई मी बरी आहे, मी त्या बिल्डिंगमध्ये नव्हती. आणि ठेवून दिला. मला काही विचारूच नाही दिलं.” त्यानंतर ती कित्येक वर्षं फोनशेजारी अंथरूण घालून झोपली. बाबांना वाटायचं, पंख्याखाली झोपायला बरं म्हणून.

मॅडम म्हणाल्या, त्यांनाही घेऊन या एकदा. आपल्या जवळच्या माणसावर असं संकट आल्याचं कळणं हासुद्धा आघातच मानतात. अनोळखी लोकांची बातमी टीव्हीवर पाहणं वेगळं, आणि त्या बातमीत आपली पोरगी शोधणं वेगळं. मी आईला निरोप दिला.

“मला काय झालं?” आई म्हणाली. “मी तर इथंच होती. महालात.”

मी काहीच बोलले नाही. माझंच वाक्य होतं ते, फक्त पत्ता बदललेला.

शेवटी ती आली, नातीच्या आग्रहाने. मॅडमना तिने आधी त्यांचं गाव, आडनाव आणि मुलं किती ते विचारून घेतलं, मग तास-दीड तास बोलली. तिला उपचाराची सगळी पद्धत काही लागू केली नाही, वयही आहे आणि तिची तयारीही नाही. पण एक गृहपाठ दिला. फोन एक दिवसाआड. त्यावर तिने बुधवारबाजारात संत्र्यांचा भाव करावा तशी घासाघीस केली. एक दिवसाआड नाही, रोज करेन पण एकदाच, उचलला नाही तर पंधरा मिनिटं थांबेन, बरं, वीस. अर्ध्या तासावर सौदा पटला. भाऊ सांगतो, त्या अर्ध्या तासात ती घड्याळासमोर खुर्ची टाकून बसते. बसू दे. आकडा असाच उतरतो, मला माहीत आहे.

जुलैत न्यू जर्सीची नणंद आली, सोबत तिचा पहिलीतला मुलगा. तिथल्या कायद्याने शाळेत दर महिन्याला एक आगीचं ड्रिल आणि एक सुरक्षेचं ड्रिल असतं. एका दुपारी पोरगं कुठे दिसेना. घरभर शोधलं, तर हा स्वयंपाकघरातल्या धान्याच्या डब्यांमागे गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, तोंडावर बोट. माझ्या मुलीला ‘लॉकडाउन’ शिकवत होता, म्हणजे शाळेत बंदूकवाला शिरला तर लपून बसायचं. नणंद शांतपणे म्हणाली, “ते करतात असं, सवय आहे त्यांना.” पूर्वीची मी असते तर न्हाणीघरात जाऊन दार लावून बसले असते. या वेळी मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि विचारलं, तिथे बसल्यावर तू काय विचार करतोस? तो म्हणाला, “शिंक येऊ नये.”

रात्री नणंदेशी बोलणं झालं. या ड्रिल्सनंतरच्या तीन महिन्यांत त्या शाळांच्या परिसरातल्या समाजमाध्यमांवरच्या लिखाणात नैराश्याच्या खुणा ३९ टक्क्यांनी आणि ताण-चिंतेच्या ४२ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या, असं जॉर्जिया टेक विद्यापीठ आणि बंदुकीच्या हिंसेविरुद्ध काम करणारी एव्हरीटाउन संस्था यांच्या अभ्यासात आहे. मी सांगितलं तर ती वैतागली. “मग काय करू वहिनी, शाळेत पाठवू नको?” तिचं बरोबर होतं. तिच्यापाशी उत्तर नाही, माझ्यापाशीही नाही. बंदुकांचं काय करायचं ते तिथल्या लोकांनी ठरवायचं आहे आणि मला त्यावर ठाम मत आहे, पण ते या लिखाणाचं काम नाही. मी तिला फक्त पाच मैलांचा अभ्यास सांगितला. २००८ ते २०१३ मधल्या ४४ जीवघेण्या शालेय गोळीबारांनंतर त्या शाळांच्या पाच मैलांच्या आतल्या भागात विशीच्या आतल्या मुलांना लिहून दिलेली नैराश्याची औषधं पुढच्या दोन वर्षांत २१ टक्क्यांहून अधिक वाढली. त्या वर्तुळातली कितीतरी मुलं त्या शाळेची नसणारच. आणि जिथे बोलून, वागणुकीवर काम करून उपचार करणारे लोक जास्त होते तिथे ही वाढ कमी दिसली. या दुसऱ्या अर्ध्या भागासाठी मी तो सांगते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार झाला तेव्हा तिथे शिकणाऱ्यांत अशीही मुलं होती ज्यांनी आपल्या शाळेत आधी एकदा हे पाहिलं होतं, मिशिगनमधल्याच ऑक्सफर्ड गावात, सँडी हूकमध्ये. १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारातून वाचलेल्या काहींनी २०१२ मध्ये ‘द रेबेल्स प्रोजेक्ट’ नावाचा गट काढला, तो अशाच नंतर येणाऱ्यांसाठी. १९९९ ची मुलं २०१२ मध्ये तिशीच्या आसपास आली होती आणि त्यांना अजून त्याची गरज वाटत होती, यातच किती वर्षं लागतात त्याचं उत्तर आहे.

उपचाराच्या शेवटाकडे मॅडमनी मला नॉरिस हॉलचे फोटो पाहायला लावले. आजचे. ज्या मजल्यावर ते घडलं तिथे आता शांतता अभ्यास आणि हिंसा प्रतिबंधाचं केंद्र आहे. ज्यांची पत्नी, फ्रेंचची शिक्षिका, त्याच मजल्यावर वर्गात मारली गेली, ते प्राध्यापकच या केंद्राचे पहिले संचालक झाले. मी फोटोत टेबलं मोजत बसले, उगाच. विद्यापीठात दर एप्रिलला ३२ जणांसाठी ३.२ मैलांची दौड असते. यंदा आम्ही तिघं सेमिनरी हिल्सला तेवढं चाललो, भल्या पहाटे, कारण एप्रिलमध्ये सातनंतर नागपुरात चालणं हा वेगळाच आघात आहे. लेकीने विचारलं आपण कुठे चाललोय. तिला तिच्या वयाला झेपेल इतकं सांगितलं.

माझी बेरीज आता ३१ च्या खाली असते. गोळी चालू आहे, डॉक्टर म्हणतात पुढे हळूहळू कमी करू, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ‘ठक ठक’ ऐकलं की मान अजूनही वळते, हात मात्र गार पडत नाहीत. फी परवडली हे माझं नशीब. विम्यात ओपीडीतली थेरपी बसली नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार ओपीडीत जावं, लाइन मोठी असते पण जावं. आणि १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं. ‘आपल्याला कुठे काही झालंय’ असं वाटत असेल तरी लावावा.

पुढच्या महिन्यात लेकीच्या शाळेचं शिबिर आहे पेंचला, दोन रात्रींचं. मुलांना मोबाइल न्यायचा नाही, आणि तिथे रेंजही धड नसते. संमतीपत्रावर मी सही केली. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, “तिथं वाघ असतात ना बाप्पा!” मी म्हटलं, हो, असतात. मग तिने त्यांच्या बाईंचा नंबर मागितला. मी दिला नाही. दुसऱ्या दिवशी तिने तो जावयाकडून घेतला.